शिकाऊ हात आणि गरिबाचा डोळा

"साहेब, फुकटचं ऑपरेशन होतं ना. शिकाऊ डॉक्टरांनी बाच्या डोळ्यावर हात साफ करून घेतला."

चिंचपाड्यात माझ्यासमोर बसलेला तिशीतला मुलगा हे अगदी शांतपणे म्हणाला. तो भांडायला आला नव्हता. यंदा पाऊस कमी झाला, भात गेलं, अशा सुरात सांगत होता. शेजारी त्याचे वडील बसले होते. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. त्या डोळ्याला माझा हात हलतोय एवढंच कळत होतं. ऑपरेशनच्या आधीही तेवढंच कळायचं.

मी नेहमीचं उत्तर दिलं. "असं नसतं रे, डॉक्टर मुद्दाम कुणाचं वाईट करत नाहीत." उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. हा लेख उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, फिजिशियन आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, ताप हे माझं रोजचं काम. पण मोतीबिंदूचा रुग्ण ऑपरेशनच्या आधी माझ्याकडे असतो आणि नंतरही माझ्याकडेच परत येतो. मधे काय झालं, हे तो मलाच विचारतो. म्हणून मला बोलायचा अधिकार आहे असं मी समजतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नवीन डॉक्टरने माणसाच्या डोळ्यावर ऑपरेशन शिकणं चूक नाही. सगळ्यात अवघड डोळा सगळ्यात नवख्या हाताखाली जाणं चूक आहे. आणि तिथे काय घडलं ते रुग्णाला न सांगणं ही त्याहून मोठी चूक आहे.

शिकल्याशिवाय कोणी डॉक्टर होत नाही

हे कडू वाटेल, पण खरं आहे. तुमच्या ओळखीच्या सगळ्यात नामांकित सर्जननेही कधीतरी आयुष्यातलं पहिलं ऑपरेशन केलेलं असतं. मी पहिल्यांदा एका रुग्णाच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं तेव्हा माझा हात थरथरत होता. मागे माझे सर उभे होते. सुई चुकीच्या दिशेने जायला लागली की ते फक्त "थांब" म्हणायचे. तो एक शब्द त्या रुग्णाचं संरक्षण होता.

२०२३ च्या मे महिन्यात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या नेत्रविभागाचा वाद तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. तिथल्या निवासी डॉक्टरांची तक्रार होती की आम्हाला पुरेशा शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत. वरिष्ठांनी आरोप फेटाळले, संप झाला, राजीनामे दिले गेले. त्या वादात कोण बरोबर होतं, यात मी पडत नाही. पण प्रश्न खरा होता. आज शिकणाऱ्या डॉक्टरला ऑपरेशन करायला मिळालं नाही, तर उद्या तोच डॉक्टर पदवी घेऊन एखाद्या तालुक्याच्या गावी येईल आणि तिथे शिकेल. तिथे मागे उभं राहून "थांब" म्हणायला कोणी नसेल.

म्हणजे शिकणं बंद करून रुग्ण सुरक्षित होत नाही, शिकणं फक्त मुंबईहून नवापूरला सरकतं. त्या सगळ्या चर्चेत डॉक्टरांच्या दोन्ही बाजू बोलल्या. टेबलावर झोपणाऱ्या माणसाला कोणी काही विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

आधी ऑपरेशन समजून घ्या

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असतं. वयाबरोबर ते गढूळ होतं, तो मोतीबिंदू. थेंब टाकून, गोळ्या घेऊन किंवा व्यायाम करून तो जात नाही. गढूळ भिंग काढायचं आणि कृत्रिम भिंग बसवायचं, हा एकच उपाय. इंग्लंडच्या हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. त्याआधी भिंग काढल्यावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागायचा.

नैसर्गिक भिंग एका पातळ, पारदर्शक पिशवीत असतं. ऑपरेशनमध्ये पिशवीला समोरून गोल खिडकी पाडतात, आतला गढूळ गर काढतात आणि त्याच पिशवीत नवं भिंग ठेवतात. पिशवीची मागची बाजू केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असते. ती शाबूत राहिली पाहिजे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधलं निम्मं कौशल्य या एका वाक्यात आलं.

गर काढायच्या आज दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली फेको. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ साली ती आणली. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून बारीक नळी आत जाते आणि ध्वनिलहरींनी गर फोडून ओढून घेते. लोक याला "लेझरचं ऑपरेशन" म्हणतात, पण नेहमीच्या फेकोत लेझर नसतं.

दुसरी एसआयसीएस, म्हणजे लहान छेदाची, हाताने करायची पद्धत. डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक छोटा तिरका बोगदा करतात आणि अख्खा गर त्यातून बाहेर काढतात. बोगदा आपोआप मिटतो, बहुतेक वेळा टाका लागत नाही.

आता गैरसमज. "एसआयसीएस म्हणजे गरिबांचं, जुनं ऑपरेशन" असं शहरातले लोक सांगतात आणि खेड्यातले लोक त्यावर विश्वास ठेवतात. या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना आपल्या पुण्यातच झाली आहे. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ४०० डोळ्यांवर ती केली आणि २००५ साली निष्कर्ष छापले. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय बरं दिसणारे लोक फेकोत जास्त निघाले, ८१ टक्के विरुद्ध ७१ टक्के. पण योग्य नंबरचा चष्मा लावल्यावर दोन्ही गटांत तेच प्रमाण ९८.४ टक्के, म्हणजे सारखंच. फरक साध्या चष्म्याने भरून निघण्याएवढा होता.

आणि गर दगडासारखा कडक झालेला असेल तर फेकोत तो फोडायला ध्वनिलहरी खूप वापराव्या लागतात. त्याने डोळ्याच्या समोरच्या काचेच्या, म्हणजे कॉर्नियाच्या आतल्या पेशी मरतात, आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. अशा डोळ्यात चांगल्या हाताने केलेलं एसआयसीएस हेच अनेकदा शहाणपणाचं असतं. तेव्हा "मशीनने करणार का?" हा प्रश्न सोडा. "कोण करणार?" हा प्रश्न विचारा.

अवघड डोळे येतात कुठून?

पुण्या-मुंबईचा माणूस रात्री गाडी चालवताना दिवे फाकतात म्हणून डॉक्टरकडे जातो. त्याचा मोतीबिंदू अजून मऊ असतो. आमच्याकडचा माणूस ऊसतोडीला बारडोलीकडे जातो, चार-सहा महिन्यांनी परत येतो, मग पेरणी, मग लग्नसराई. नातवाचा चेहरा दिसेनासा झाला, भाकरी चुलीऐवजी बाजूला पडायला लागली, की घरचे म्हणतात, "म्हातारीला आता दाखवू या." तोवर तिचा गर तपकिरी आणि टणक झालेला असतो, नाहीतर दुधासारखा पांढरा होऊन फुगलेला असतो.

सर्जनसाठी अवघड डोळा म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो.

• टणक, तपकिरी गर. मोठा असतो, सहज निघत नाही, काढताना आजूबाजूला धक्का लागतो.

• पांढरा, फुगलेला मोतीबिंदू. आत दाब असतो. पिशवीला खिडकी पाडायला जावं तर ती पिकलेल्या फळासारखी उकलून थेट कडेपर्यंत फाटू शकते. शिवाय सगळं पांढरं असल्याने पिशवीची कड दिसत नाही. म्हणून निळा रंग टाकून ती दिसती करावी लागते.

• न फाकणारी बाहुली. जुना मधुमेह, डोळ्याला पूर्वी आलेली सूज किंवा काही औषधं यांमुळे बाहुली उघडत नाही. अरुंद दारातून कपाट बाहेर काढण्यासारखं ते काम होतं. त्यासाठी बारीक आकडे किंवा कडी लावून बाहुली ताणून धरतात.

• सैल दोऱ्या. भिंगाची पिशवी बारीक धाग्यांनी टांगलेली असते. काटा, काठी, बैलाचं शिंग किंवा गोफणीचा दगड कधीकाळी लागला असेल तर हे धागे तुटलेले असतात. पिशवी हलते, कधी आतच निसटते.

• आधीच खराब कॉर्निया. बुबुळावर फूल पडलेलं असेल तर सर्जनला आतलं नीट दिसत नाही.

आता हे बघा. शिकणाऱ्याने सुरुवात मध्यम मऊ गर, मोठी उघडणारी बाहुली आणि इतर दोष नसलेला डोळा यांवर करावी, हे शिकवणारे सगळेच सांगतात. असे डोळे भरतात शहरातल्या खाजगी दवाखान्यांत. तिथे रुग्ण पैसे मोजतो, मोठ्या डॉक्टरांचंच नाव घेतो आणि मोठे डॉक्टरच ऑपरेशन करतात. शिकायला मिळतात ते मोफत रुग्ण, आणि सगळ्यात कडक मोतीबिंदू असतात नेमके त्यांच्याच डोळ्यांत.

सोपा डोळा तज्ज्ञाकडे, अवघड डोळा नवख्याकडे. कुणी दुष्टपणाने हे ठरवलेलं नाही. पण उलटं आहे ते उलटंच आहे, आणि कुणी ठरवलेलं नाही म्हणून कुणी बदलतही नाही.

पिशवी फाटली तर

मागची पिशवी फाटणं ही या ऑपरेशनमधली सगळ्यांना माहीत असलेली अडचण आहे. ती उत्तम सर्जनच्या हातूनही होते. फाटली की डोळ्याच्या मागच्या भागातली पारदर्शक जेली पुढे येते, गराचा तुकडा मागे पडद्यावर पडू शकतो, आणि भिंग ठेवायला जागा राहत नाही.

चांगला सर्जन अशा वेळी घाई करत नाही. पुढे आलेली जेली वेगळ्या यंत्राने स्वच्छ कापून काढतो, ओढत नाही. भिंग सुरक्षित बसेल अशी जागा असेल तरच बसवतो, नसेल तर थांबतो. गर मागे पडला असेल तर तो उकरायला जात नाही, पडद्याच्या तज्ज्ञाकडे पाठवतो. वेळेवर असं केलं तर असे कितीतरी डोळे पुन्हा चांगले बघतात. अवघड डोळा सांभाळणं म्हणजे कुठे थांबायचं ते कळणं, आणि नवख्याला शेवटी येतं ते हेच.

माझ्या त्या बाबांची पिशवी फाटली होती आणि भिंग बसवलेलंच नव्हतं. हे मला कधी कळलं? मी त्यांना मोठ्या शहरातल्या नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं तेव्हा. घरच्यांकडे जो कागद होता त्यावर नाव, वय, डोळा, तारीख आणि थेंबांची यादी होती. काय झालं ते नव्हतं. पुढे काय करायचं तेही नव्हतं. बाबा दोन महिने घरी बसून दिसायची वाट बघत होते.

ऑपरेशन शिकाऊ हाताने केलं, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. मुलालाही माहीत नाही. माझी तक्रार तीच आहे. माणसाच्या डोळ्यात कोणी हात घातला आणि आत काय झालं, हे त्याच्या घरात एकालाही माहीत नसेल, तर "हात साफ करून घेतला" याशिवाय दुसरं तो काय म्हणणार?

हा एकट्या बाबांचा प्रश्न नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या लोकांमधल्या अंधत्वाची कारणं मोजली गेली. ६६.२ टक्के अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे होतं. आणि ७.२ टक्के मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधल्या गुंतागुंतीमुळे. पहिला आकडा भाषणांत येतो. दुसरा येत नाही. काचबिंदूमुळे आलेल्या अंधत्वापेक्षाही तो जास्त होता.

शिकायला बोकडाचा डोळा आहे

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, प्रश्न कळला, उपाय काय? उपाय नवा शोधायचा नाही, तो सापडलेला आहे.

शिकणारा आधी बोकडाच्या डोळ्यावर शिकतो. मटणाच्या दुकानातून आणलेला डोळा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बोगदा करायचा, टाका घालायचा. बोगदा फार वरवर झाला तर छप्पर फाटतं, फार खोल गेला तर वेळेआधीच आत उघडतो. या चुका बोकडाच्या डोळ्यावर पन्नास वेळा झाल्या तरी कुणाची दृष्टी जात नाही. त्याहून पुढची सोय म्हणजे सिम्युलेटर, विमान चालवायला शिकताना असतो तसा. त्यानंतर माणसाच्या डोळ्यावर, पण एकेक पायरी. एक दिवस फक्त भिंग ठेवायचं, बाकी सगळं सर करणार. मग खिडकी, मग गर. पूर्ण ऑपरेशन सगळ्यात शेवटी, आणि सर शेजारच्या खुर्चीवर.

याने फरक पडतो का? इंग्लंडमध्ये सिम्युलेटर आल्यानंतर पहिल्या दोन वर्षांच्या शिकाऊ सर्जनच्या हातून पिशवी फाटण्याचं प्रमाण ४.२ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आलं. "ते श्रीमंत देश" म्हणत असाल तर आफ्रिका घ्या. केनिया, टांझानिया, युगांडा, झिम्बाब्वे इथल्या ५० शिकाऊ डॉक्टरांवर झालेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. विषय आपलंच एसआयसीएस. काहींना नेहमीच्या शिक्षणाबरोबर कृत्रिम डोळ्यांवर कसून सराव दिला, काहींना फक्त नेहमीचं शिक्षण. पुढच्या वर्षभरात सराव केलेल्यांच्या हातून पिशवी फाटण्याचं प्रमाण ७.८ टक्के, न केलेल्यांच्या हातून २६.६ टक्के.

हे दोन आकडे पुन्हा वाचा. चारातला एक, की तेरातला एक. मधला फरक काही दिवसांच्या सरावाचा आहे. हा सराव माहीत असून तो न देता शिकाऊ डॉक्टरला गरिबाच्या डोळ्यावर सोडणं, याला मी शिक्षण म्हणणार नाही. तो निष्काळजीपणा आहे.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती. त्या बोटांत शस्त्र कसं धरायचं ते त्यांनी स्वतःला नव्याने शिकवलं. तिथे मोफत रुग्ण प्रचंड, शिकाऊ डॉक्टरही भरपूर. पण ते हिशेब ठेवतात आणि छापतातही. २०१२ साली त्यांनी जवळजवळ ८० हजार ऑपरेशनांमधली गुंतागुंत हातानुसार वेगळी करून प्रसिद्ध केली. त्यांच्या कायमच्या तज्ज्ञांच्या हातून ०.७९ टक्के, निवासी डॉक्टरांच्या हातून २.०६ टक्के, बाहेरून शिकायला आलेल्यांच्या हातून ५.११ टक्के.

नवख्या हाताने धोका सहापटीहून जास्त, हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं. म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसतो. आपल्याकडची किती रुग्णालयं असा कागद दाखवतील?

आता माझी चूक

दुसऱ्यांवर बोट रोखून झालं. उरलेली बोटं माझ्याकडे आहेत.

ते बाबा माझे जुने रुग्ण होते, सहा वर्षांपासून मधुमेहाचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला सांगितलं होतं, "साहेब, धूर दिसतो." मी म्हणालो, "आधी साखर कमी होऊ द्या, मग बघू." साखर कधी कमी, कधी जास्त. मी प्रत्येक वेळी साखरेचा कागद बघितला, बाबांच्या डोळ्यात एकदाही बॅटरी मारून बघितली नाही. ऑपरेशनच्या दिवशी साखर आटोक्यात हवी, हे खरं. पण त्यासाठी काही आठवडे पुरतात. मी तीन वर्षं घालवली आणि मऊ मोतीबिंदूचा दगड होऊ दिला.

पुढे लघवीला त्रास होतो म्हणून मीच त्यांना टॅमसुलोसिन दिलं. प्रोस्टेटसाठी हे चांगलं औषध आहे. पण त्याने डोळ्याची बाहुली ढिली पडते, ऑपरेशनमध्ये नीट फाकत नाही आणि मधेच आकसते. २००५ पासून हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे, मलाही होतं. औषध बंद केल्यावरही हा परिणाम राहू शकतो, म्हणून सर्जनला आधी सांगणं महत्त्वाचं. सर्जन मग तशी तयारी ठेवतो. मी चिठ्ठीवर लिहिलं, "फिट फॉर सर्जरी". गोळीचं नाव लिहिलं नाही.

म्हणजे त्या टेबलावर जो कोणी होता, त्याच्यासमोर टणक गर आणि न फाकणारी बाहुली मी वाढून ठेवली होती. पिशवी कोणाच्या हातून फाटली ते मला माहीत नाही. ती फाटावी अशी सोय कोणी केली, ते माहीत आहे.

माझ्यासारख्या सगळ्या डॉक्टरांना, आणि "मोतीबिंदू पिकू द्या" म्हणणाऱ्या प्रत्येकाला, हे सांगायचं आहे. पिकल्यावर काढायचा ही जुनी पद्धत होती, जुन्या ऑपरेशनसाठी. आज पिकू देणं म्हणजे ऑपरेशन अवघड करून ठेवणं. फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्यातला दाब वाढवतो. डोळा लाल होतो, असह्य दुखतो, आणि नस मेली की मग कितीही चांगला सर्जन आणा, दृष्टी परत येत नाही.

"प्रश्न विचारले तर शिबिरं बंद पडतील"

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो करणारे लोक वाईट नसतात. रात्री-अपरात्री गाड्या काढून पाड्यापाड्यांवरून म्हातारी माणसं आणणारे हे लोक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की लाखो लोक आंधळे बसले आहेत, डॉक्टर कमी आहेत, त्यात तुम्ही खुसपटं काढाल तर जे होतंय तेही थांबेल.

माझं उत्तर असं. शिबिर प्रश्नांनी बंद पडत नाही, एका बिघडलेल्या डोळ्याने पडतं. बाबांचा डोळा गेल्यावर त्यांच्या पाड्यावरून पुढच्या शिबिराच्या गाडीत कोणी बसायला तयार नव्हतं. आशाताई घरोघर फिरल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. मोफत म्हणजे जपून नाही, हे लोक एकदा शिकले की तो धडा विसरत नाहीत.

खरी अडचण दुसरीकडे आहे. आपण ऑपरेशनं मोजतो, दृष्टी मोजत नाही. उद्दिष्ट आकड्याचं, अनुदान आकड्यावर, हारतुरे आकड्यावर. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा निकष आहे. ऑपरेशननंतर हाताशी असलेल्या चष्म्याने निदान ८० टक्के लोकांना ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसलं पाहिजे, आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे ५ टक्क्यांहून जास्त नसावेत. ६/६० म्हणजे चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर वाचायला ६ मीटरवर यावं लागणं. हे तपासायला भिंतीवर तक्ता आणि दहा मिनिटं लागतात. सहा आठवड्यांनी रुग्णाला परत बोलावून हे मोजा, आणि अनुदान त्यावर द्या. मग बघा, अवघड डोळे आपोआप अनुभवी हाताकडे जायला लागतात की नाही.

तुम्ही काय विचाराल?

विचारायला घाबरू नका. मोफत ऑपरेशन हा तुमचा हक्क आहे, कोणी केलेला उपकार नाही. हे प्रश्न कागदावर लिहून न्या, मुलाला किंवा आशाताईला विचारायला सांगा.

१. माझा मोतीबिंदू सोपा आहे की अवघड? का?

२. ऑपरेशन कोण करणार? शिकणारे डॉक्टर करणार असतील तर शेजारी अनुभवी डॉक्टर असतील का?

३. अडचण आली तर पुढची सोय इथेच आहे का, की दुसरीकडे पाठवाल? तिथवर नेणार कोण?

४. ऑपरेशनमध्ये काय झालं, कोणतं भिंग बसवलं, हे कागदावर लिहून द्याल का?

५. परत कधी यायचं? चष्म्याचा नंबर कधी काढायचा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो, शिकणारे डॉक्टर करतील, मी शेजारी बसेन" असं आलं, आणि पहिल्याचं "सोपा आहे" असं आलं, तर माझ्या सख्ख्या माणसालाही मी हो म्हणायला सांगेन. उद्याचे सर्जन असेच तयार होतात. डोळा अवघड असेल तर मात्र तुम्ही स्पष्ट म्हणा, "माझं मोठ्या डॉक्टरांनी करावं." हे म्हणायला पैसे लागत नाहीत.

तुमच्याकडूनही थोडं हवं. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. लघवीची, रक्त पातळ करायची, दम्याची, एकही लपवू नका. मनाने एकही बंद करू नका. सरळ झोपल्यावर दम लागतो किंवा खोकला येतो, हे आधी सांगा. डोळ्याला कधी मार लागला असेल तर तेही सांगा. आणि ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. संसर्ग झाला तर हिशेब तासांचा असतो.

बाबांचं पुढे काय झालं?

आठ महिने समजूत घातल्यावर ते दुसऱ्या ऑपरेशनला तयार झाले. एका अनुभवी सर्जनने वेगळ्या प्रकारचं भिंग बसवलं. आज त्या डोळ्याला चष्म्याने ६/२४ दिसतं. एकटे शेतावर जातात, माणसं ओळखतात. पण डावा डोळा अजून तसाच आहे, पिकत चाललेला. मी दर महिन्याला विचारतो. ते हसतात आणि म्हणतात, "एक आहे तेवढा पुरे साहेब. दुसरा शिकायला नको."

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही मात्र आज घरच्या म्हाताऱ्या माणसाला एक डोळा झाकून विचारा, आजी, मला किती बोटं दिसतात सांग. मग दुसरा झाकून विचारा. अडखळली तर याच आठवड्यात दाखवून आणा, डोळा सोपा आहे तोवर.